भावकी वेगळी, सोयरीक वेगळी : बुरशीच्या पेशी एकमेकींत कशा मिसळतात

भाजलेलं मक्याचं कणीस खाऊन उरलेलं दांडकं पावसाळी हवेत कोपऱ्यात पडून राहिलं, की दोन-तीन दिवसांत त्यावर शेंदरी-नारिंगी पूड चढते. फुंकर मारली तर उडते. ऊस तोडल्यावर पाचट पेटवलेल्या रानातही जळक्या खुंटांवर हीच पूड दिसते. ही न्यूरोस्पोरा. १८४२-४३ च्या सुमारास पॅरिसच्या लष्करी बेकऱ्यांमधले पाव हिनेच नासवले होते, आणि पुढे १९४१ साली बीडल आणि टेटम यांनी जनुक आणि एन्झाइम यांचं नातं हिच्यावरच शोधलं (१९५८ चं नोबेल त्यासाठीच). पेशी एकमेकींत कशा मिसळतात हे समजून घ्यायलाही हिच्याइतकी सोयीची बुरशी नाही.

प्राण्यांच्या शरीरात पेशी-पेशींचं मीलन मोजक्याच ठिकाणी होतं: अंडं आणि शुक्राणू, स्नायूंचे तंतू, वार आणि अशाच काही जागा. बुरशीचं तसं नाही. ती वाढताना मिसळते आणि प्रजननातही मिसळते. गंमत अशी की या दोन प्रसंगांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. वाढताना जोडीदार आपल्यासारखाच हवा, परका असेल तर पेशी मरून जाते. प्रजननात जोडीदार वेगळाच हवा, आपल्यासारखा असेल तर काहीच घडत नाही. आपल्याकडची भावकी आणि सोयरीक म्हणा ना. वाटणीला भावकी बसते, लग्नाला वेगळं गोत्र लागतं. न्यूरोस्पोरात मात्र हे दोन्ही निवाडे काही अंशी एकच जनुक देतं, आणि खरा पेच तिथेच आहे.

आधी भावकीकडे. नारिंगी पूड म्हणजे कोनिडिया, अलैंगिक बीजाणू. ओलावा आणि साखर मिळाली की प्रत्येक कोनिडियातून अंकुरनळी निघते. या अंकुरनळ्या एकमेकींना टाळत, मोकळ्या जागेकडे वाढतात. पण बीजाणू दाटीने पडले असतील, तर त्यांतून आणखी एक, वेगळ्याच जातीची नळी फुटते. ती अंकुरनळीपेक्षा बारीक आणि आखूड असते, तिला फांद्या फुटत नाहीत, आणि ती शेजारच्या तशाच नळीच्या दिशेने वळते. हिला कोनिडियल अ‍ॅनास्टोमोसिस ट्यूब म्हणतात. आपण जोडनळी म्हणू. दोन टोकं भिडतात, चिकटतात, मधली भित्तिका विरघळते, पटलं जुळतात, आणि एका बीजाणूतला पेशीद्रव दुसऱ्यात वाहू लागतो. कधीकधी केंद्रकंही सरकत पलीकडे जातात. काही तासांत शेकडो सुटे बीजाणू मिळून एकच जाळं होतं, आणि पुढे ते एक शरीर म्हणूनच वाढतं.

यातला अवघड भाग वळण्याचा. दोन्ही पेशी जनुकांनी अगदी एकसारख्या, मग बोलणार कोण आणि ऐकणार कोण? दोघी एकाच वेळी एकच संकेत सोडू लागल्या, तर प्रत्येकीला स्वतःचाच आवाज ऐकू येईल. न्यूरोस्पोराची युक्ती २००९ साली प्रकाशात आली. दोन्ही टोकांशी दोन प्रथिनं आळीपाळीने जमतात: मॅक-२ नावाचा काइनेज (दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट लावून संकेत पुढे नेणारं एन्झाइम) आणि सॉफ्ट नावाचं प्रथिन. एका पेशीच्या टोकाशी मॅक-२ असतो, त्याच वेळी समोरच्या पेशीच्या टोकाशी सॉफ्ट असतं. चार-पाच मिनिटांत अदलाबदल होते, मग पुन्हा. म्हणजे एकीने बोलायचं तेव्हा दुसरीने ऐकायचं, आणि मग भूमिका बदलायची. टोकं भिडेपर्यंत हे चालू राहतं. दोन्हींपैकी एक जनुक मोडलं, तरी बीजाणू रुजतात, पण वळत नाहीत. जाळं होत नाही आणि हवेत वाढणारे तंतू आखूड राहतात. मॅक-२ चा यीस्टमधला भाऊबंद फस-३ तिथे लैंगिक मीलनाच्या संकेतवाहिनीत काम करतो. न्यूरोस्पोराने तेच यंत्र घरगुती कामालाही जुंपलंय.

भिडल्यानंतरही दगाफटका होतो. भित्तिका नेमक्या जागी, नेमकी तेवढीच विरघळावी लागते. जास्त गेली तर पेशीद्रव बाहेर सांडतो आणि दोन्ही पेशी फुटतात. पटलं जोडायला पीआरएम-१ नावाचं प्रथिन मदत करतं. ते नसेल तर सुमारे निम्म्या जोड्या भित्तिका विरघळवून, पटलाला पटल लावून तशाच अडकून राहतात. माध्यमात कॅल्शियम कमी पडलं, तर फुटण्याचं प्रमाण वाढतं.

हे सगळं साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत करण्याजोगा हा प्रयोग आहे, अभ्यासक्रमात असो वा नसो. पाच ते सात दिवसांचं ताजं नारिंगी कल्चर घ्यावं. नळीचं बूच उघडण्याआधी खोलीतला पंखा बंद करावा आणि उघडल्या उघडल्या निर्जंतुक पाणी आत सोडून पूड ओली करावी. कोरडे कोनिडिया एकदा हवेत गेले, की पुढचे कित्येक आठवडे खोलीतल्या प्रत्येक प्लेटवर नारिंगी ठिपके येत राहतात. इतर बुरशांवर काम करणारे सहकारी हे सहजी विसरत नाहीत. पाणी हलवून, कापसातून किंवा मलमलीतून गाळून घेतलं की तंतूंचे तुकडे मागे राहतात.

आता मोजणी. न्यूबॉयर चेंबरच्या (पेशी मोजायच्या आखीव काचपट्टीच्या) मधल्या मोठ्या चौकोनात (ज्याचे २५ छोटे चौकोन असतात) सरासरी १०० कोनिडिया भरले, तर द्रावणात एका मिलिलिटरला १० लाख कोनिडिया असतात, कारण त्या चौकोनावरच्या द्रावाचं आकारमान मिलिलिटरच्या दहा हजाराव्या भागाइतकं असतं. हीच दाटी हवी. दर मिलिलिटरला दहा हजारांवर आलात तर बीजाणू रुजतील, पण जोडनळ्या जवळपास दिसणार नाहीत. प्रयोग फसला असं लोकांना वाटतं त्यातल्या बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. माध्यम फोगेलचं साधं क्षारमाध्यम आणि २ टक्के साखर, तापमान ३० ते ३४ अंश सेल्सियस, वेळ ३ ते ४ तास. त्यानंतर ४०० पट मोठं करून बघा: दोन अंडाकृती बीजाणूंना जोडणारा आखूड पूल, इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा. फार उशीर केला तर तंतूंचं जंगल होतं आणि त्यात काहीच ओळखू येत नाही. पौष्टिक माध्यम वापरायचा मोह टाळावा. पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलं की जोडण्या कमी होतात, आणि ट्रिप्टोफॅन हे एकटं अमिनो आम्लसुद्धा जोडनळ्या रोखतं. त्यात नवल नाही. ज्याच्या घरात भरपूर आहे, तो सामाईक विहिरीला कशाला जाईल!

मोठ्या झालेल्या वसाहतीतही जोडण्या होतातच, पण कडेला नाही. कडेचे तंतू दिवसाला ८ ते १० सेंटिमीटर वेगाने पुढे पळत असतात आणि एकमेकांना टाळतात. आतल्या भागात मात्र आखूड आडव्या फांद्या फुटून एकमेकींना मिळतात. त्यातून पाणी, साखर आणि केंद्रकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहतात. प्लेटच्या एका बाजूला अन्न असलं, तरी दुसऱ्या बाजूचा तंतू त्यावर वाढू शकतो तो यामुळे.

आता परका भेटला तर? न्यूरोस्पोराची चौकशी वाटेवरच सुरू होते. लांबूनच डॉक जनुकांच्या आधारे ओळख पटते. गट जुळला नाही तर नळ्या सहसा वळतच नाहीत. भिडल्यावर सीडब्ल्यूआर नावाच्या जनुकांची दुसरी चौकी आहे, तिथे अडलं तर भित्तिका विरघळत नाही. आणि या दोन्ही पार करून पेशीद्रव एकत्र आलाच, तर तिसरी चौकी सगळ्यात कडक आहे. कोवळ्या अंकुरांत पीएलपी-१ आणि सेक-९ यांची जोडी जुळली नाही, तर साधारण वीसेक मिनिटांत दोन्ही पेशी मरतात. वाढलेल्या तंतूंत हेच काम हेट जनुकं करतात. न्यूरोस्पोरा क्रासामध्ये अशी ११ स्थानं ओळखली गेली आहेत. प्रत्येक स्थानाचे दोनच प्रकार धरले, तरी २०४८ जुळण्या होतात. म्हणजे रानात भेटलेल्या दोन अनोळखी न्यूरोस्पोरांची भावकी जुळणं जवळपास अशक्यच.

मरणं म्हणजे नेमकं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. न्यूरोस्पोराच्या तंतूंत आडव्या भिंती असतात, पण प्रत्येक भिंतीच्या मधोमध भोक असतं आणि त्यातून सगळं वाहत असतं. नुसतं वाहू दिलं, तर एका कप्प्यातलं विष सगळीकडे पसरेल. म्हणून भोकाशेजारी व्होरोनिन पिंड नावाचे घट्ट गोळे तयार ठेवलेले असतात. बिघाड झाला की ते येऊन भोकाला बूच मारतात. मिसळलेला कप्पा बंद होतो, आत पोकळ्या पडतात, पेशीद्रव आकसतो आणि तेवढाच तुकडा मरतो. बाकीचं शरीर सुरक्षित राहतं.

एवढा खटाटोप कशासाठी, हे चेस्टनटच्या झाडांनी दाखवून दिलं. क्रायफोनेक्ट्रिया नावाची बुरशी १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये सापडली आणि पुढच्या काही दशकांत तिने अमेरिकेतली चेस्टनटची जंगलं झोपवली. युरोपात ती १९३८ मध्ये इटलीत जेनोआजवळ दिसली. तिथे मात्र काही वर्षांनी झाडं सावरू लागली, कारण बुरशीलाच एक विषाणू लागला होता. या विषाणूला प्रथिनांचं कवच नाही, त्यामुळे बुरशीबाहेर तो टिकत नाही. एका तंतूतून दुसऱ्यात जायचा त्याचा मुख्य रस्ता म्हणजे तंतूंची जोडणी. युरोपात या बुरशीच्या भावक्या थोड्या होत्या, म्हणून रोगट तंतू निरोगी तंतूंशी सहज मिसळले आणि विषाणू पसरला. अमेरिकेत भावक्या पुष्कळ होत्या, म्हणून तोच उपाय तिथे चालला नाही. या बुरशीत भावकी ठरवणारी सहा स्थानं माहीत आहेत आणि त्यांतून ६४ गट पडतात. कडक चौकी बुरशीच्या फायद्याची आणि झाडाच्या तोट्याची, असा हा हिशेब.

आता सोयरीक. न्यूरोस्पोरा क्रासाचे दोन लैंगिक प्रकार आहेत, ‘मॅट थोरला अ’ (इंग्रजी मोठा A) आणि ‘मॅट धाकटा अ’ (लहान a). नर-मादी वेगळे नसतात, दोन्ही प्रकार दोन्ही भूमिका करतात. नायट्रोजन कमी पडला आणि तापमान २५ अंशांच्या आसपास राहिलं, की तंतूंची गुंडाळी होऊन लहान गोळे बनतात: प्रोटोपेरिथेशियम, म्हणजे मादीचं अंग. त्यातून ट्रायकोगाइन नावाचा बारीक केसासारखा तंतू बाहेर पडतो आणि विरुद्ध प्रकारच्या कोनिडियाकडे वळतो. इथे आळीपाळीने बोलणं नाही. दोन्हींकडे वेगवेगळे फेरोमोन (वासासारखे रासायनिक संकेत) आणि एकमेकांचे फेरोमोन ओळखणारे ग्राही (रिसेप्टर) आहेत. संकेत सरळ वासावर चालतो, आणि स्वतःच्याच प्रकारचा वास ट्रायकोगाइनला ओळखू येत नाही. भिडल्यावर कोनिडियातलं केंद्रक ट्रायकोगाइनमधून चालत गोळ्याच्या पोटात जातं.

पेच आठवतो ना? वाढीच्या काळात हेच मॅट जनुक अकरा हेट स्थानांपैकी एक असतं. थोरल्या अ-चा तंतू धाकट्या अ-च्या तंतूशी मिसळला, तर वाढ खुंटते किंवा पेशी मरतात. आणि लग्नाच्या दिवशी नेमके हेच दोघे एका पेशीत सुखाने नांदतात. ही भानगड टॉल नावाच्या दुसऱ्या जनुकामुळे आहे. मॅटचा भेद ओळखून मरणाचा हुकूम पुढे नेतो तो टॉल. तो निकामी केला, की वाढीच्या काळातही दोन्ही प्रकार एकत्र राहतात. न्यूरोस्पोरा टेट्रास्पर्मा या जवळच्या जातीत टॉल मुळातच निकामी आहे. तिच्या एकेका बीजाणूत दोन्ही प्रकारची केंद्रकं असतात, त्यामुळे तिला जोडीदार शोधत फिरावंच लागत नाही. इतर हेट जनुकांचा भेदही लग्नाच्या आड येत नाही. भावकीत ज्यांचं पटत नाही, त्यांची सोयरीक मात्र जुळते.

पोटात गेल्यावर दोन्ही केंद्रकं लगेच एक होत नाहीत. ती शेजारी शेजारी राहून विभागत राहतात. मग तंतूचं टोक आकड्यासारखं वाकतं, त्याला क्रोझियर म्हणतात. आकड्याच्या वळणावरच्या पेशीत दोन्ही प्रकारचं एकेक केंद्रक उरतं आणि तिथे ती दोन अखेर एक होतात. लगेच अर्धसूत्री विभाजन, त्यावर एक साधं विभाजन, आणि एका लांबट पिशवीत आठ बीजाणू शेंगेतल्या दाण्यांसारखे एका ओळीत. त्याच वेळी आकड्याच्या टोकाची पेशी मागच्या देठाच्या पेशीशी पुन्हा जोडली जाते. हे मागचं जोडणं लक्षात ठेवा, धिंगरी अळंबीत (ऑयस्टर मशरूममध्ये) ते पुन्हा भेटेल.

संकर करायचा असेल, तर मादी म्हणून वापरायचा प्रकार वेस्टरगार्ड-मिचेल माध्यमावर २५ अंशांना पाच-सहा दिवस वाढवावा आणि मग दुसऱ्या प्रकारच्या कोनिडियाचं पातळ द्रावण वर थेंबाथेंबाने सोडावं. दोन दिवसांत गोळे फुगून काळे पडू लागतात, आठवडाभरात त्यांना चोच येते, आणि दहाव्या दिवसानंतर काळे बीजाणू प्लेटच्या झाकणावर उडालेले दिसतात. इनक्युबेटर ३० अंशांच्या वर गेला की गोळे बनतच नाहीत. उन्हाळ्यात वीज गेली की हे हमखास होतं. माध्यमात अमोनियम जास्त असेल तरीही तेच. गोळे फुगले, काळे झाले, पण आत बीजाणू नाहीत, असं झालं तर बहुधा एखाद्या पालकात गुणसूत्राचा एखादा तुकडा दुप्पट आहे. जोडीविना राहिलेल्या जनुकांना न्यूरोस्पोरा अर्धसूत्री विभाजनात गप्प करून टाकते आणि संकर वांझ जातो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत दुर्गादास कसबेकर यांच्या गटाने अशा दुप्पट तुकड्यांवर बराच काळ काम केलंय. सॉफ्टचं जनुक मोडलेला प्रकार मादी म्हणून चालत नाही, नर म्हणून चालतो. त्यामुळे संकर उलट बाजूने करून बघणं ही पहिली दुरुस्ती.

बीजाणू रुजत नाहीत ही तक्रार तर नेहमीचीच. ते ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा ते पाऊण तास ठेवल्याशिवाय जागे होत नाहीत. याच उष्णतेत सोबत आलेले कोनिडिया मरतात, हा वरचा फायदा. जाळलेल्या उसाच्या रानात न्यूरोस्पोरा का उगवते, याचं उत्तरही इथेच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रमेश माहेश्वरी यांच्या गटाने कर्नाटकात मद्दूरच्या ऊसशेतात न्यूरोस्पोरा इंटरमीडियाचं हे जीवनचक्र अभ्यासलं. अळंबी उत्पादकांनीही याची नोंद घ्यावी. भुसा-पेंढा ६०-६५ अंशांच्या पाण्यातून काढला, की बाकीच्या पुष्कळ बुरशा मरतात, पण हे काळे बीजाणू असतील तर उलट उठून बसतात.

अळंबीचा विषय निघालाच आहे, तर धिंगरीकडे वळू. तिच्या एका बीजाणूतून उगवलेल्या तंतूच्या प्रत्येक पेशीत एकच केंद्रक असतं. अशा तंतूला सहसा अळंबी धरत नाही. दुसऱ्या योग्य तंतूशी तो मिसळला, की केंद्रकांची देवघेव होते आणि ती पलीकडच्या जाळ्यात तंतूच्या वाढीपेक्षा जास्त वेगाने पसरतात. मायटोकॉन्ड्रिया मात्र आपल्या जागीच राहतात. त्यामुळे एकाच संकरातून डाव्या कडेचं आणि उजव्या कडेचं कल्चर घेतलं, तर केंद्रकं तीच पण मायटोकॉन्ड्रिया वेगळे, आणि वाढीचा वेगही वेगळा असू शकतो. दोन्ही कडा स्वतंत्र जपून ठेवाव्यात.

इथे सोयरिकीला दोन अटी आहेत. ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन घटक, आणि दोन्ही वेगळे हवेत. एकाच छत्रीचे बीजाणू चार प्रकारचे असतात, म्हणून भावंडांत जमणाऱ्या जोड्या चारात एक. वेगवेगळ्या ठिकाणच्या छत्र्या घेतल्या तर जवळपास प्रत्येक जोडी जमते, कारण या घटकांचे प्रकार निसर्गात पुष्कळ आहेत.

आणि आता मागे जोडणारा आकडा. दोन केंद्रकं असलेली टोकाची पेशी विभागताना तिच्या कुशीतून मागे वळलेला छोटा आकडा फुटतो. दोन्ही केंद्रकं एकाच वेळी विभागतात, एक पिल्लू केंद्रक आकड्यात अडकतं, मध्ये भिंती पडतात, आणि आकडा मागच्या पेशीला भिडून तिच्यात मिसळतो. अडकलेलं केंद्रक मागे पोचतं आणि दोन्ही पेशींना दोन्ही प्रकारची जोडी मिळते. म्हणजे धिंगरीत प्रत्येक पेशीविभाजनाला एक पेशीमीलन लागतं. भिंतीशेजारी जो कायमचा फुगवटा उरतो, तो क्लॅम्प.

मदर कल्चर (ज्यापासून पुढे बियाणं बनवतात ते मूळ कल्चर) तपासायचं असेल, तर कडेचा कोवळा तंतू सुईने उचलून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगाच्या थेंबात पसरावा आणि ४०० पटीवर दहा-पंधरा आडव्या भिंती बघाव्यात. कपाच्या कानासारखे क्लॅम्प दिसले तर काम पुढे न्यावं. अजिबात नसतील, तर कल्चर एककेंद्रकी आहे, त्यावर स्पॉन (अळंबीचं बियाणं) करून पैसे घालवू नयेत. आकडे आहेत पण मागे जोडलेले नाहीत, असं दिसलं तर ‘अ’ वेगळे आणि ‘ब’ सारखे आहेत, म्हणजे अर्धवट जमलेली जोडी. मधला जुना भाग तपासू नये, तिथे तंतूंच्या गर्दीत क्लॅम्प चुकतात.

एका पिशवीत दोन जातींचं स्पॉन मिसळलं की संकरित वाण मिळतं, असा समज काही ठिकाणी आहे. तो सोडून द्यावा. दोन्ही स्पॉन आधीच द्विकेंद्रकी असतात, त्यांची सोयरीक झालेली असते. एकमेकांसमोर आले की ते भावकीच्या नियमाने वागतात आणि मध्ये वादाची रेषा पडते. संकर करायचा तर दोन एककेंद्रकी तंतू प्लेटवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतरावर ठेवून २५ अंशांना आठ-दहा दिवस वाट बघावी आणि मग दोन्ही बाजूंना क्लॅम्प शोधावेत. एक द्विकेंद्रकी आणि एक एककेंद्रकी, अशी जोडीही चालते. बुलर घटना म्हणतात तिला. बटन अळंबी आणि भातपेंढ्यावरची अळंबी यांना मात्र ही क्लॅम्पची परीक्षा लावू नका. त्यांच्या तंतूंवर क्लॅम्प येतच नाहीत, आणि बटनचे बहुतेक बीजाणू जन्मतःच दोन केंद्रकं घेऊन येतात.